कुस्तीचा मल्ल पिंजऱ्यात उतरवताना: एमएमएची तयारी कशी होते

एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती आणि जमिनीवरच्या पकडी, सगळं चालणारी पिंजऱ्यातली लढत. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापुरात वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या ॲटमवेट या हलक्या वजनगटाच्या ग्रां प्री स्पर्धेची अंतिम लढत झाली. एका बाजूला कुस्तीच्या घराण्यातली रितू फोगट, दुसऱ्या बाजूला मुए थाईतून (ठोसे-लाथांच्या थाई खेळातून) आलेली थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स. कागदावरचा हिशेब सरळ होता: उभ्याने स्टॅम्प भारी, जमिनीवर रितू. निकाल उलटा लागला. दुसऱ्या फेरीत जमिनीवरच स्टॅम्पने आर्मबार (हात कोपरातून उलटा ताणणारी पकड) लावला आणि रितूला हार मानावी लागली. त्याआधी २०१७ मध्ये भारतातून यूएफसी या अमेरिकी एमएमए संस्थेत पोचलेला पहिला लढवय्या भरत खंदारे शांघायमध्ये उतरला होता. तोही कुस्तीतूनच आलेला. सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत गिलोटिनने (समोरून मान काखेत धरण्याच्या पकडीने) त्याचा गळा आवळला.

दोन्ही लढतींत कुस्तीवाला हरला तो त्याच्याच मुलखात, आणि यात नवल काही नाही. एमएमए म्हणजे बॉक्सिंग, कुस्ती आणि जिउ-जित्सू (जमिनीवर पकडी लावण्याची कला) यांची नुसती बेरीज, असं समजून सोमवारी ठोसे, मंगळवारी कुस्ती, बुधवारी जमिनीवरचं काम असं वेगवेगळ्या वस्तादांकडे शिकवलं जातं. मुलगा तिन्हीकडे बरा दिसतो आणि पिंजऱ्यात मार खातो. कारण लढती सुटतात त्या एका प्रकारातून दुसऱ्यात जातानाच्या क्षणी. ठोसा मारून पटात (पाय धरून पाडण्याच्या डावात) घुसताना, पट फसल्यावर मान वर काढताना, खाली पडून जाळीला टेकून उठताना. प्रशिक्षकाचं खरं काम या क्षणांवर तास घालवणं हे आहे. बाकीचं पोरगं इतरांकडूनही शिकू शकतं.

नियम आधी, डाव नंतर

व्यावसायिक लढत ५ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची असते, विजेतेपदाची ५ फेऱ्यांची. मध्ये १ मिनिट विश्रांती. ग्लोव्ह्ज ४ औंसाचे, म्हणजे जेमतेम ११३ ग्रॅम. बोटं उघडी, त्यामुळे पकड धरता येते आणि बॉक्सिंगच्या जाड ग्लोव्ह्जमागे लपून मार चुकवण्याची सवय इथे अंगाशी येते. तीन पंच प्रत्येक फेरीला स्वतंत्रपणे १०-९ च्या हिशेबाने (फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९) गुण देतात. पहिली कसोटी परिणामकारक मारा आणि परिणामकारक पकडकाम, म्हणजे नुकसान कोणी जास्त केलं. ते समसमान असेल तरच आक्रमकता, आणि तीही समसमान असेल तर पिंजऱ्यावरचा ताबा.

कुस्तीवाल्यांना हा क्रम पचायला जड जातो. तीन मिनिटं प्रतिस्पर्ध्याला जाळीला दाबून धरलं, एकही ठोसा लावला नाही, आणि सुटल्यावर त्याने दोन स्वच्छ फटके लावून गुडघे डळमळवले, तर फेरी त्याची. नुसतं खाली घेण्याला इथे ठरावीक गुण नाहीत. खाली घेऊन काय केलं, ते मोजलं जातं. त्यात माणसाची नजर आली की गोंधळही आला. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, ती विभागलेल्या निकालावर: एका पंचाने तिला ३०-२७ दिलं, दुसऱ्याने तेच ३०-२७ प्रतिस्पर्धी रायान दोस सांतोसला, तिसऱ्याने २९-२८ पूजाला. तीच लढत, तेच १५ मिनिटं. म्हणून फेरी संशयास्पद ठेवायची नाही, हे सरावातच भिनवावं लागतं. प्रत्येक सराव-फेरीत शेवटची ३० सेकंदं ओरडून सांगायची आणि त्या ३० सेकंदांत मारा वाढलाच पाहिजे, असा दंडक ठेवायचा.

तालमीतलं काय मोडायचं, काय ठेवायचं

कोल्हापूर, पुणे, सांगली, सोलापूरकडच्या तालमीत दहा-बारा वर्षं घासलेला मल्ल एमएमएला येतो तेव्हा त्याच्याकडे जे असतं ते पैशाने मिळत नाही: पकडीची ताकद, तोल, मनगट धरून दस्ती खेचण्याची वेळ, बगलडूब मारून पाठीमागे जाण्याची चपळाई. हे सगळं पिंजऱ्यात जसंच्या तसं चालतं. दस्ती तर उलट जास्त चालते, कारण ठोसा मारायला हात पुढे आला की मनगट आयतंच मिळतं. पण चार सवयी अशा आहेत की त्या आखाड्यात गुण आहेत आणि पिंजऱ्यात घात.

पहिली, चीत न होण्याची सवय. कुस्तीत पाठ लागली की खेळ संपला, म्हणून लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं की खाली पडलो की पालथं व्हायचं. पिंजऱ्यात पालथा झालेला माणूस म्हणजे पाठ दिलेला माणूस. समोरचा पायांच्या आकड्या आत घालतो, हनुवटीखालून हात सरकवतो, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध जाते. ही सवय समजावून जात नाही, कारण ती विचारातून येतच नाही. ती फक्त पुनरावृत्तीने जाते. मल्लाला पाठीवर झोपवायचं, जोडीदार छातीवर आडवा, घड्याळ २ मिनिटांवर. सुटायचं फक्त कंबर बाजूला सरकवून, गुडघा मध्ये घालून, मग कोपरावर, मग हातावर, मग उभं. पालथा झाला की तिथेच थांबवायचं, दहा जोर आणि पुन्हा पहिल्यापासून. आठवड्याला तीन दिवस, दर वेळी सहा फेऱ्या. अनुभव असा की तीन-चार महिन्यांनी थकलेला नसताना सवय सुटते. थकल्यावर ती परत उफाळते. म्हणून याच फेऱ्या सरावाच्या शेवटी, दम गेलेला असताना घ्याव्या लागतात.

दुसरी, डोक्याची जागा. पट काढताना डोकं खाली घालून मान पुढे दिली की गिलोटिनला आमंत्रण. सुधारणा तीन गोष्टींची: नजर वर, कपाळ किंवा कान त्याच्या बरगडीला घट्ट, आणि घुसल्यावर क्षणभरही न थांबता बाजूला वळणं. थांबलेला पट हा गळा देण्याचा पट. तरीही अडकलाच, तर आधी दोन्ही हातांनी गळ्यावरचं मनगट खाली ओढायचं, हनुवटी आत घ्यायची आणि योग्य बाजूला जायचं. आपलं डोकं त्याच्या उजव्या काखेत असेल, तर आपलं अंग त्याच्या डाव्या बाजूला न्यायचं. घाबरलेला माणूस नेमका उलटीकडे, आवळणाऱ्या हाताच्याच बाजूला जातो आणि गळा आणखी आवळला जातो. डोकं वर उपसून काढण्याची धडपडही तशीच. मल्लाच्या मानेत ताकद असते, म्हणून तो ती करतो आणि स्वतःच फास घट्ट करतो.

तिसरी, वर आल्यावर हात कुठे ठेवायचे याचं भान. कुस्तीत वर असणारा सुरक्षित. इथे खालचा माणूस पायांनी लढतो. त्याच्या दोन पायांमध्ये असताना वरच्याने तळहात गादीवर टेकवला किंवा कोपर त्याच्या कमरेच्या रेषेपलीकडे पुढे गेलं की हात गेला. सोपा नियम: दोन्ही हात त्याच्या मांड्यांच्या आत, नाहीतर दोन्ही बाहेर. एक आत, एक बाहेर झाला की ट्रँगल (पायांनी मान आणि एक हात आवळणारी पकड) बसतो. ठोसा मारायला हात उचलला की तो मारून परत छातीशी आला पाहिजे. मारल्यावर लोंबकळत राहिलेला हात म्हणजे आर्मबार.

चौथी, पवित्रा. मल्ल वाकून, पुढच्या पायावर भार देऊन उभा राहतो. त्या पायावर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने नडगीची लाथ बसली की तिथून जाणारी नस दुखावते, आणि तीन-चार लाथांत पाऊल उचलेनासं होतं, पायाची बोटं घासत चालावं लागतं. पाय गेला की पटही गेला. पवित्रा थोडा उंच, भार दोन्ही पायांवर सारखा, आणि लाथ येताना गुडघा बाहेर वळवून नडगीने नडगी अडवायची. दुखतं, पण पोटरीवर घेण्यापेक्षा कमी.

पवित्रा उंच झाला की मल्लाची तक्रार येते: आता पट लांब पडतो. बरोबर आहे, आणि म्हणूनच पट ठोशामागून यायला हवा. दोन हात अंतरावरून उघडा पट टाकला तर चांगला लढवय्या तो सहज झटकतो किंवा वर गुडघा देतो. डाव्या हाताचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) डोळ्यांवर, उजवा सरळ, त्याने हात वर घेतले की खाली. पॅडवर (प्रशिक्षकाने हातात धरलेल्या गाद्यांवर) हा क्रम घेताना प्रशिक्षकाने दर चौथ्या वेळी पट न देता गुडघा दाखवायचा किंवा मागे सरकायचं, म्हणजे पोरगं डोळे मिटून घुसत नाही.

आणि मग जाळी. तालमीच्या हौद्यात किंवा गादीवर कडेला गेलं की पंच मध्ये आणतो. पिंजऱ्यात कडेलाच अर्धी लढत होते. यूएफसीचा मोठा पिंजरा ३० फूट व्यासाचा, लहान २५ फुटांचा. लहान पिंजऱ्यात जाळी सतत पाठीला लागते. सरावाच्या जागी खरी जाळी नसेल तर गादी लावलेली भिंत चालते, पण काहीतरी हवंच. जाळीशी दाबलेल्याचं काम ठरलेलं: एक हात त्याच्या काखेखालून वर, डोकं त्याच्या हनुवटीखाली, कंबर जाळीपासून सुटी, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट; मग काखेतला हात उचलून कोन करायचा आणि त्यालाच जाळीला लावायचं. खाली बसवला गेला असेल तर पाठ जाळीला, एक हात मागे टेकवलेला, दुसऱ्याने त्याची पकड सोडवायची, पाय अंगाखाली ओढायचा. जाळी बोटांनी धरणं फाउल आहे आणि थकलेला माणूस हटकून धरतो. सरावातच बोटांवर टपली मारलेली बरी.

हा पालट आठ आठवड्यांत होत नाही. चांगल्या मल्लाला पहिल्या व्यावसायिक लढतीआधी दीड-दोन वर्षं द्यावीत, आणि त्यात हौशी लढती भरपूर. एमएमएच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या हौशी नियमांत फेरी ३ मिनिटांची असते, नडगीला गार्ड असतात, कोपराने मारायला परवानगी नाही. शिकायला ती जागा उत्तम. मल्लाचं नाव मोठं, आयोजकाला तिकिटं हवीत, म्हणून सहा महिन्यांत व्यावसायिक पिंजऱ्यात ढकलला जातो, हे सर्रास दिसतं आणि ते चूक आहे.

लढतीआधीचे आठ आठवडे

लढत ठरली की कॅम्प सुरू होतो. कॅम्पमध्ये नवीन डाव शिकवायचे नसतात. जे येतं ते या प्रतिस्पर्ध्यावर कसं बसवायचं, एवढंच.

पहिलं काम चित्रफिती. प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या तीन ते पाच लढती, आवाज बंद करून, कारण समालोचक नजर वाकडी करतो. नोंदायचं ते थोडकं: पुढे कोणता पाय, जॅबनंतर डोकं कुठे जातं, खोट्या हालचालीला हात वर नेतो की मागे सरकतो, पाठ जाळीला लागली की कोणत्या बाजूने निसटतो, तिसऱ्या फेरीत हात किती खाली येतात. यातून दोन, फार तर तीन गोष्टींची योजना आणि एक पर्याय. पानभर योजना लिहून देणाऱ्या प्रशिक्षकाच्या पोराला पहिला ठोसा बसल्यावर त्यातलं काहीच आठवत नाही. प्रतिस्पर्धी डावखुरा असेल तर सरावाला डावखुरा जोडीदार पहिल्याच आठवड्यापासून शोधायचा. तिसऱ्या आठवड्यात शोधून उपयोग नाही.

पहिले दोन आठवडे दमाचा पाया घालण्याचे. ३० ते ६० मिनिटांची संथ धाव किंवा सायकल, नाडी मिनिटाला १३० ते १५० च्या दरम्यान, आठवड्याला दोन-तीनदा. हे कंटाळवाणं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. पाच मिनिटांच्या फेरीत ताकद स्फोटांत खर्च होते, पण दोन स्फोटांमध्ये आणि मधल्या एका मिनिटात दम परत आणतो तो हाच पाया. सोबत वजनाचं काम आठवड्याला दोनदा: डेडलिफ्ट, पुलअप, एका पायाचे स्क्वॅट, मानेचे व्यायाम, ३ ते ५ सेट, प्रत्येकी ३ ते ५ वेळा, अंग मोडेपर्यंत नाही. हजार बैठकांचा अभिमान तालमीत ठीक आहे. कॅम्पमध्ये त्या पाय जड करतात आणि दुसऱ्या दिवशीचं स्पारिंग (सरावाची लढत) खातात.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लढतीसारखं काम. जोरदार स्पारिंग आठवड्याला एकदाच, तीन ते पाच फेऱ्या. उभ्याच्या कामाला १६ औंसाचे ग्लोव्ह्ज, पूर्ण एमएमए स्पारिंगला जाड गादीचे ७ औंसाचे, माउथगार्ड, नडगीचे गार्ड, ग्रोइन गार्ड. एरवी ठरावीक जागेवरून लढणं: मल्ल जाळीला दाबलेला, किंवा पाठ दिलेला, किंवा एकेरी पट धरलेला, इथून सुरुवात, २ मिनिटं, पुन्हा तिथूनच. मोकळ्या स्पारिंगमध्ये अशा जागा एका फेरीत एकदा येतात. इथे दहा मिनिटांत पाचदा. पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात एकदा-एकदा दमाची परीक्षा: ५ मिनिटांच्या फेरीत दर ७५ किंवा १५० सेकंदांनी ताजा जोडीदार. ही परीक्षा आहे, रोजचा सराव नाही.

स्पारिंगबद्दल जुनी समजूत अजून घट्ट आहे की रोज डोक्यावर मार खाल्ला की माणूस कणखर होतो. हनुवटी कणखर होत नाही. फक्त खर्च होते. मॅक्स हॉलोवेसारख्या विजेत्याने जोरदार स्पारिंग सोडलं आणि त्यानंतरही तो अव्वल राहिला. माँट्रियालच्या ट्रायस्टारचा फिरास झहाबी, जॉर्जेस सेंट-पिएरचा प्रशिक्षक, उघड सांगतो की उद्या परत सराव करता येईल इतकाच आज करायचा. डोक्याला मार लागून गरगरलं, एक क्षण जरी भान गेलं, तर त्या दिवशीचा सराव संपला. शरीरसंपर्काचं काम डॉक्टरने मोकळीक दिल्यावरच, आणि निदान तीन आठवडे डोक्यावर ठोसा नाही. कॅम्प मोडला तरी चालेल. प्रत्यक्षात काय होतं? पोरगं सांगतच नाही. म्हणून जोडीदारांना आधीच सांगून ठेवायचं की शंका आली तर त्यांनी प्रशिक्षकाला कळवायचं.

भार मोजायची एक साधी वही पुरते. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने पोराला विचारायचं, दहापैकी किती कठीण होतं? तो आकडा गुणिले मिनिटं. ६० मिनिटांचा सराव सात म्हणाला तर ४२०. आठवड्याची बेरीज आधीच्या आठवड्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची. दोन दिवस सलग नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागली, झोप मोडली, चिडचिड वाढली, तर त्या दिवशीचं जोरदार काम रद्द. प्रशिक्षकाला हे जमवणं कठीण जातं, कारण रद्द करणं म्हणजे आळस वाटतो.

सातव्या आठवड्यात उतार. शेवटचं जोरदार स्पारिंग लढतीच्या १० ते १४ दिवस आधी. त्यानंतर कामाचं प्रमाण निम्म्यावर, वेग मात्र तोच: छोट्या, झटपट फेऱ्या, पॅडवर योजनेतले दोन-तीन क्रम. याच काळात पोरगं अस्वस्थ होतं, "अंग गंजतंय" म्हणतं आणि चोरून धावायला जातं.

एक बारीकसं, पण कॅम्प बुडवणारं: त्वचा. गजकर्ण किंवा पू झालेली जखम दिसली तर वैद्यकीय तपासणीतच लढत रद्द होऊ शकते. गाद्या रोज जंतुनाशकाने पुसायच्या, सराव संपताच अंघोळ, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

वजन: इथे माणूस मरतो

डिसेंबर २०१५ मध्ये मनिलाला वन चॅम्पियनशिपच्या लढतीआधी वजन उतरवताना यांग जियानबिंग हा २१ वर्षांचा चिनी लढवय्या गेला. त्यानंतर त्या संस्थेने पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी आणली आणि लघवीची तपासणी सुरू केली. बाकी बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी वजन होतं, आणि पाणी काढून खालचा गट गाठण्याची पद्धत चालू आहे.

उदाहरण घेऊ. लाइटवेटची मर्यादा १५५ पौंड, म्हणजे ७०.३ किलो, विजेतेपदाची लढत नसेल तर साधारण एक पौंड सूट. मुलगा एरवी ७७ किलोचा. सात आठवड्यांत आहारातून ३ किलो, म्हणजे आठवड्याला चारशे-साडेचारशे ग्रॅम. प्रथिनं दर किलो वजनामागे २ ग्रॅमच्या आसपास ठेवून. लढतीच्या आठवड्यात तो ७४ वर आला पाहिजे. उरलेले ३.७ किलो म्हणजे अंगाच्या ५ टक्के. ही आमच्या मते वरची मर्यादा. शेवटच्या आठवड्यात कोणी ७६ वर असेल, तर चूक सहा आठवड्यांपूर्वी झालेली असते आणि ती स्टीमच्या खोलीत दुरुस्त होत नाही.

या ३.७ किलोत सगळं पाणी घामातून काढायचं नसतं. तीन दिवस कोशिंबीर, भाकरी, कडधान्यं बंद करून मऊ भात, अंडी, मासे असं कमी चोथ्याचं खाल्लं की आतड्यातलंच अर्धा-पाऊण किलो जातं. भातही मोजका, दिवसाला कर्बोदकं ५० ग्रॅमच्या आत, म्हणजे स्नायूंतली साखर आणि तिला धरून असलेलं पाणी मिळून किलो-सव्वा किलो. पापड, लोणचं, फरसाण बंद. मीठ कमी, पण शून्य नाही. पाण्याची युक्ती अशी: तीन दिवस दर किलोमागे सुमारे १०० मिलिलिटर, म्हणजे ७४ किलोच्या माणसाला सात-साडेसात लिटर, दिवसभरात विभागून, चौथ्या दिवशी एकदम १५ मिलिलिटर, म्हणजे लिटरभर. शरीर आधीच्या वेगाने लघवी करत राहतं. हे जाणकार आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टर शेजारी असल्याशिवाय करू नये. इतकं पाणी आणि मीठ शून्य, अशा जोडीने रक्तातलं सोडियम पडून झटके येऊ शकतात.

घामासाठी शेवटच्या रात्री आणि सकाळी मिळून किलोभरच उरायला हवं. ३९-४० अंशांचं कोमट पाणी, १० ते १२ मिनिटं, बाहेर येऊन २० मिनिटं गुंडाळून झोपणं, मग वजन. असे दोन, फार तर तीन वेळा. खोलीत माणूस एकटा कधीही नाही. उभं राहताना अंधारी, असंबद्ध बोलणं, घाम येणं थांबणं, यातलं एकही दिसलं की संपलं. डॉक्टर, पाणी, आणि लढत गेली तर गेली. जुलाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या तर नाहीतच. लघवीच्या गोळ्या उत्तेजकविरोधी नियमांतही बंदीच्या यादीत आहेत.

वजन झाल्यावर आपल्याकडची पहिली सवय म्हणजे सलाईन लावणं. जागतिक नियमांप्रमाणे वैद्यकीय कारणाशिवाय १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं निषिद्ध आहे. गरजही नसते. ओआरएसचं पाकीट, नेमकं एका लिटरमध्ये: पहिल्या तासात पाऊण लिटर, घोट घोट, पुढे दर अर्ध्या तासाला पाव लिटर, गेलेल्या पाण्याच्या दीडपट होईतो. सोबत मऊ भात, केळी, मध, पोहे. दिवसभरात ५०० ते ६०० ग्रॅम कर्बोदकं. तुपातला शिरा, मटण आणि थंडाई लढतीनंतर. वजन झाल्याच्या आनंदात पोट बिघडवून घेतलेले लढवय्ये कमी नाहीत.

हौशी स्पर्धांत वजन लढतीच्याच सकाळी होतं, आणि लागोपाठ दिवस लढती असतील तर रोज. तिथे पाणी काढायचंच नाही. १७-१८ वर्षांच्या पोराला तर अजिबात नाही. तो वाढतोय, त्याला वरच्या गटात लढू द्या.

कोपऱ्यातली साठ सेकंदं

फेरी संपली. स्टूल आत जाईतो आणि पोरगं बसेतो दहा सेकंदं गेली. शेवटची दहा स्टूल बाहेर काढायला. उरली चाळीस. त्यातली पहिली पंधरा कोणीच बोलायचं नाही: माउथगार्ड काढायचा, बर्फ मानेमागे, नाकाने श्वास आत, तोंडाने लांब बाहेर, तीन वेळा. पाण्याचा एक घोट. जखम असेल तर कटमन (कोपऱ्यात जखमा सांभाळणारा माणूस) आपलं काम करतो: दाब, ॲड्रेनालिनमध्ये भिजवलेला बोळा, वर व्हॅसलीन. सुजेवर थंड लोखंडी पट्टी दाबायची, चोळायची नाही. चोळल्याने सूज पसरते आणि डोळा मिटतो.

मग एकच माणूस बोलतो, एकच. दोन सूचना, आणि त्या काय करू नये अशा नाहीत, काय करावं अशा. "उजवा हात वर ठेव. जॅबनंतर डावीकडे नीघ." मग पोराकडून परत म्हणवून घ्यायचं. तो म्हणू शकला नाही किंवा दुसरंच म्हणाला, तर ती थकव्याची नव्हे, डोक्याच्या माराची खूण असू शकते. फेरी कोणाची गेली, हे खरं सांगायचं. हरत असताना "तू पुढे आहेस" म्हणून धीर देणारा कोपरा (कोपऱ्यातली माणसं) तिसरी फेरी हरवतो.

लढत थांबवण्याचा निकष घरून ठरवून यायचा, पिंजऱ्याशेजारी नाही. तो तीन-चार ओळींत लिहिता येतो: सलग दोन फेऱ्या उलटा मारा नाही, एक डोळा बंद, पाय लटपटत परत आला आणि प्रश्नाचं उत्तर देत नाही, किंवा स्वतः म्हणाला की बस. जून २०२० मध्ये लास वेगासला मॅक्स रोहस्कॉफ स्टुलावर बसून लढत थांबवा म्हणून पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि कोपरा त्याला उठवत राहिला; शेवटी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून ती थांबवली. त्यावर बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती.

लढतीनंतर नॉकआउट झालेल्याला लढतींवर देखरेख करणाऱ्या आयोगाकडून साधारण ४५ ते ६० दिवसांची वैद्यकीय सुट्टी मिळते. ज्या स्पर्धांमागे असा आयोग नाही, तिथे ती प्रशिक्षकाने द्यायची. त्या रात्री त्याला एकट्याला झोपायला सोडायचं नाही. वाढती डोकेदुखी, उलटी, एका बाजूचा हात जड, बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, तर सरळ मेंदूविकार विभाग असलेलं रुग्णालय. जिंकलेल्यालाही दोन आठवडे फक्त चालणं आणि हलकं पोहणं. चित्रफीत दहा-बारा दिवसांनी बघायची, तेव्हाही आवाज बंद करूनच, आणि वहीत एवढंच टिपायचं: कोणत्या क्षणी, कोणत्या सवयीने, काय गेलं. पुढच्या सहा महिन्यांचा सराव त्या नोंदीवर लागतो.